अंगावर दूध नाही म्हणणाऱ्यांना

बाळंतपणाला चार-पाच दिवस होतात न होतात तोच घरात एक निकाल लागतो. बाळ संध्याकाळी रडतं, पदराखाली घेतलं की वीस मिनिटं चोखतं, खाली ठेवलं की पुन्हा रडतं. मग सासू, आत्या, शेजारच्या काकू आणि कधी कधी गळ्यात स्टेथोस्कोप असलेली व्यक्तीसुद्धा एकमुखाने सांगते की हिच्या अंगावर दूधच नाही. पुढची कारवाई ठरलेली. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, खसखस, बाळंतशेपा, शतावरीची पूड. आणि या सगळ्याचा गुण येईपर्यंत 'तोवर' म्हणून वरचं दूध. हे 'तोवर' कधी संपत नाही. दोन महिन्यांनी बाळ पूर्ण बाटलीवर असतं, आईचं दूध खरोखरच आटलेलं असतं, आणि आपण पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं याचं घराला समाधान असतं.

या निकालाला माझी हरकत आहे, आणि ती निव्वळ शरीरशास्त्राच्या मुद्द्यावर आहे. दूध म्हणजे आईने खायचं, आईच्या अंगात व्हायचं आणि बाळाने नुसतं प्यायचं, असं हा निकाल धरून चालतो. गंमत अशी, की मातृत्वाचे गोडवे गाणारेही नेमकं हेच धरून चालतात. आई रक्त आटवून दूध करते, हाडं झिजवून लेकरू वाढवते, असं म्हणणारा कवी आणि 'हिला दूध नाही' म्हणणारी सासू एकाच समजुतीवर उभे आहेत. एकाने आईला देणारी म्हणून डोक्यावर घेतलं, दुसरीने न देणारी म्हणून कोपऱ्यात बसवलं. दोघांच्याही हिशेबात बाळ आयतं घेणारं. गेल्या पन्नास वर्षांतलं संशोधन या हिशेबाला आधार देत नाही. दूध किती व्हावं यात बाळाचा हात फार मोठा आहे. आईची हाडं, मांड्यांची चरबी, भूक, पाळी यांच्या कारभारातही ते ढवळाढवळ करत असतं.

सुरुवात शेळीपासून करू. स्कॉटलंडमध्ये एअर गावाजवळ हॅना संशोधन संस्था होती. दूध हाच तिचा विषय. तिथे माल्कम पीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळीच्या कासेच्या एकाच बाजूची धार दिवसातून दोनदाऐवजी तीनदा काढायला सुरुवात केली. दूध त्याच बाजूचं वाढलं. दुसरी बाजू होती तिथेच राहिली. अंगातलं रक्त एक, चारा एक, संप्रेरकं तीच, तरी दोन बाजूंचा कारभार वेगळा. १९८४ मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. जास्तीचं दूध काढून घेतलं आणि तेवढाच निरुपद्रवी द्रव परत कासेत भरला, म्हणजे कास रिकामी झालेली नव्हती, तिच्यावरचा ताणही तसाच होता. तरीही दूध वाढलं. अर्थ सरळ आहे. साचलेल्या दुधातच असं काही असतं, की जे पेशींना 'आता पुरे' असं सांगतं. दूध निघून गेलं की तो निरोपही निघून जातो आणि काम पुन्हा वेग घेतं. तो निरोप्या कोण, एखादं प्रथिन की स्तनातच तयार होणारं सेरोटोनिन, यावर पुढे बरीच भवती न भवती झाली. निरोप पोचतो याबद्दल मात्र वाद राहिला नाही.

विहिरीचं असंच असतं. उपसा होत राहिला तर झरे मोकळे राहतात. उपसा थांबला की झरे बुजतात आणि मग लोक म्हणतात, विहीर आटली.

शेळीचं माणसाला लागू पडतं का, हा प्रश्न रास्त आहे. ऑस्ट्रेलियात पर्थच्या विद्यापीठात पीटर हार्टमन यांच्या गटाने याचं उत्तर वर्षानुवर्षं मोजून दिलं. त्यांनी दूध पाजण्याआधी आणि नंतर स्तनाचं आकारमान मोजलं, बाळांची वजनं घेतली, चोवीस तासांचा ताळेबंद मांडला. भरलेला स्तन दूध सावकाश करतो, रिकामा झालेला झपाट्याने करतो. आणि एकाच बाईच्या दोन स्तनांचा वेग एकाच वेळी वेगळा असू शकतो. या गटाने २००६ मध्ये ७१ आयांची आकडेवारी प्रसिद्ध केली. फक्त अंगावर पिणारी ती बाळं दिवसाला सरासरी ७८८ ग्रॅम दूध पीत होती. पण सर्वांत कमी पिणारं ४७८ आणि सर्वांत जास्त पिणारं १,३५६. सगळी धडधाकट. चोवीस तासांत सरासरी अकरा वेळा पिणं व्हायचं. आणि प्रत्येक वेळी बाळ स्तनात असलेल्या दुधापैकी सुमारे ६७ टक्केच घ्यायचं. एक तृतीयांश दूध शिल्लक! कमतरता असती तर बाळाने ते सोडलं असतं का?

त्याच गटाने स्तनांची साठवण्याची क्षमताही मोजली. ती बाईगणिक सुमारे ८० मिलिलिटरपासून ६०० मिलिलिटरपर्यंत निघाली. कमी साठवणाऱ्या आईचं बाळ थोड्या थोड्या वेळाने पितं, दिवसाचा हिशेब तोच भरतो. 'दर तासाला मागतंय म्हणजे पोट भरत नाही' या घरगुती तर्कशास्त्राचा पायाच इथे निखळतो. दर तासाला मागणं हीच त्या जोडीची पद्धत असू शकते.

जुळ्यांचा दाखला तर सगळ्यांत बोलका. १९८६ साली हार्टमन आणि सहकाऱ्यांनी जुळ्यांच्या आयांचं दूध मोजलं. ते दिवसाला ०.८४ ते २.१६ किलोपर्यंत होतं; तिळं पाजणारी एक आई तर तीन किलोंच्या पुढे गेली होती. या बायकांना दोन माणसांचे लाडू कुणी दिले होते म्हणून हे घडलं नाही. चोखणारी तोंडं दोन आणि तीन होती.

उलट बाजूही तपासली गेली आहे. कॅलिफोर्नियात कॅथरिन ड्युई आणि बो लॉनरडाल यांनी त्याच वर्षी असा प्रयोग केला, की आयांनी दोन आठवडे बाळाला पाजून झाल्यावर उरलेलंही दूध काढून टाकायचं. अपेक्षेप्रमाणे दूध वाढलं. मग काढणं थांबवलं आणि वाढलेलं दूध बाळापुढे ठेवलं. बहुतेक बाळं थोड्याच दिवसांत जवळपास आपल्या पूर्वीच्या मापावर आली. आईकडे जास्त होतं, बाळाला नको होतं. दुधाचं माप कोण ठरवतं हे यापेक्षा स्वच्छ कसं दिसणार?

आता लाडवांकडे. लाडवांशी माझं भांडण नाही. बाळंतिणीला भूक असते, तिला चांगलंचुंगलं खायला मिळावं, आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईला निदान सव्वा महिना कुणी आयतं वाढतं ही या पदार्थांची मोठीच पुण्याई आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदसुद्धा पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० किलोकॅलरी जास्तीच्या सांगते. पण ते आईसाठी. लाडू खाल्ल्याने दूध वाढतं हा दावा वेगळा, आणि तो तपासला गेला आहे. गांबियातल्या केनेबा या गावात केंब्रिजच्या पोषणतज्ज्ञांनी १९८०च्या आसपास पाजणाऱ्या आयांना रोज सुमारे ७०० किलोकॅलरींचं जादा खाणं दिलं. या बायका पावसाळ्यात शेतात राबणाऱ्या, कमी खाणाऱ्या, अंगाने काटक. दूध वाढलं नाही. दुधाला चालना देणाऱ्या प्रोलॅक्टिन संप्रेरकाचं रक्तातलं प्रमाण तर जास्तीच्या खाण्याने थोडं उतरलं आणि पाळी लवकर परतली. आपल्याकडे सी. गोपालन यांनी पन्नासच्या दशकात गरीब भारतीय बायकांच्या दुधाचा अभ्यास केला, तेव्हाही अर्धपोटी बायका आपल्या बाळांना चांगल्यापैकी दूध पाजत असल्याचंच दिसलं. उपासमारीच्या अगदी टोकाला गेल्याशिवाय दूध हटत नाही. त्याची किंमत आईचं अंग मोजतं, म्हणून तिला खायला घालायचं. मेथी-शतावरीवरचे अभ्यास छोटे आहेत आणि एकमेकांशी भांडतात; त्यांच्या जोरावर डबे विकणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

गोठा सांभाळणारा माणूस इथे मला अडवेल. 'खुराक वाढवला की माझी म्हैस जास्त देते, ते कसं?' खरं आहे. दुभती जनावरं पिढ्यान् पिढ्या निवडून अशी घडवलेली आहेत, की त्यांच्या अंगातली दुधाची ओढ पारड्याच्या गरजेच्या कितीतरी पुढे गेली आहे. तिथे धार कास रिकामी होईपर्यंत काढली जाते आणि चारा हीच मर्यादा उरते. पण त्याच गोठ्यात पारडू मेलं तर काय होतं, हेही त्याने सांगावं. म्हैस पान्हा चोरते. पारड्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे उभं करायची पाळी येते, कारण सरकी-पेंड खाऊन कास भरली तरी पारड्याची ढुशी, वास, चोखणं यांच्यावाचून दूध खाली उतरत नाही. ते उतरवणारं संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन. गोठेवाल्यांनी पारड्याला रजा देऊन त्याची इंजेक्शनं वापरायला सुरुवात केली. प्रकरण इतकं वाढलं, की २०१८ साली केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवायलाच बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला तेच औषध लागतं. पारड्याच्या तोंडाची किंमत गोठ्याला माहीत आहे. घरात मात्र तिचा विसर पडतो.

म्हणूनच 'तोवर' दिलेलं वरचं दूध एवढं महागात पडतं. बाटलीने पोट भरलेलं बाळ कमी चोखतं. कमी चोखलं की दूध साचतं, साचलं की पेशी हात आखडता घेतात. तिसऱ्या दिवसाच्या आसपास दूध भरून येतं ते वार पडल्यावर संप्रेरकं बदलतात म्हणून, पुढचं सगळं उपशावर. पहिल्या चोवीस तासांत तर चीक मिळतो तोच जेमतेम तीस-चाळीस मिलिलिटर. नवजात पोटाला तेवढाच पुरतो. या काही चमच्यांकडे पाहून 'नाही' म्हणणारे आणि संध्याकाळच्या रडण्याकडे पाहून 'कमी' म्हणणारे, दोघेही बाळाने कामाला सुरुवात करायच्या आत त्याचं काम काढून घेतात. मग दूध खरंच कमी होतं आणि आरोप सिद्ध होतो. हा पुरावा आरोप करणाऱ्यांनीच तयार केलेला असतो. अर्भकांच्या दुधाच्या जाहिरातींना १९९२च्या कायद्याने बंदी केली ते बरंच झालं. घरातल्या फुकटच्या जाहिरातीला कायदा नाही.

आता दुसरा पक्ष, त्यागाच्या कवितेचा. पाजणारी आई झिजते, तिची हाडं पोकळ होतात, हे म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. आईच्या दुधातून रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम जातं. सहा महिने निव्वळ अंगावर पाजलं तर आईच्या हाडांतली खनिजं, विशेषतः मणक्यातली, ३ ते १० टक्क्यांनी कमी होतात. म्हाताऱ्या हाडांत एवढी घट व्हायला काही वर्षं लागतात. पण हे होतं कसं ते पाहा. येल विद्यापीठात जॉन वायसोलमर्स्की यांच्या गटाने दाखवलं, की पाजत्या स्तनातूनच पॅराथायरॉइडसारखं काम करणारं एक संप्रेरक रक्तात जातं आणि हाडांना खनिजं सोडायला लावतं. स्तनाला कॅल्शियमची चाहूल घेणारे ग्राहक असतात. रक्तात कॅल्शियम कमी झालं की हा हुकूम वाढतो. दुसरीकडे चोखण्यामुळे बीजकोषांचं काम थंडावतं, इस्ट्रोजेन उतरतं, आणि हाडांचा राखणदार बाजूला होतो. ही हाडं कॅल्शियम कमी खाल्ल्यामुळे झिजत नाहीत. १९९७ साली अमेरिकेत पाजणाऱ्या आयांना रोज एक ग्रॅम जादा कॅल्शियम देऊन पाहिलं; झीज थांबली नाही. गांबियात ॲन प्रेंटिस यांनी तेच करून पाहिलं. दुधातलं कॅल्शियमही वाढलं नाही. (सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्या बंद करा, असं यातून कुणी काढू नये. त्या गरोदरपणातल्या रक्तदाबासाठी आणि आपल्या एकूण कमी कॅल्शियमच्या आहारासाठी आहेत, आणि हव्यातच.)

आणि कविता जिथे संपते तिथून पुढची गोष्ट अशी, की बाळ तुटलं, म्हणजे अंगावरचं सुटलं, की सहा महिने ते वर्षभरात ती हाडं बहुतेक बायकांत पूर्ववत भरतात. म्हाताऱ्या हाडांना हे कधीच जमत नाही. पाजत असतानाही शरीर नुसतं लुटू देत नाही. २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हॉली इंग्रॅहम यांच्या प्रयोगशाळेने पाजणाऱ्या उंदरिणींच्या मेंदूतून येणारं सीसीएन३ नावाचं एक संप्रेरक ओळखलं, जे इस्ट्रोजेन नसतानाही हाड बांधत राहतं. ते काढून टाकलं तर आईची हाडं झपाट्याने ढासळली आणि पिल्लांची वजनंही उतरू लागली. म्हणजे बाळाची मागणी हाड फोडते आणि आईचं डोकं ते बांधत राहतं. या रोजच्या रस्सीखेचीला झीज म्हणणं म्हणजे अर्धाच हिशेब वाचणं झालं.

चरबीचंही तसंच. स्वीडनमध्ये १९८५ साली आढळलं, की एरवी मांड्यांवर घट्ट बसून राहणारी चरबी पाजण्याच्या काळात सहज सुटी होते. बाळाच्या मेंदूला लागणारी मेदाम्लं तिथे साठवलेली असतात. डेअरीशास्त्रातल्या डेल बाउमन आणि ब्रूस करी यांनी १९८० मध्ये या साऱ्याला एक चौकट दिली: शरीर आपला समतोल टिकवण्याचा हट्ट सोडून एका नव्या कामासाठी सगळ्या ऊतींची फेररचना करतं. पाजणाऱ्या उंदरिणीची भूक दुप्पट-तिप्पट होते आणि आतडी खरोखर वाढतात. पिल्लं जितकी जास्त तितकं तिचं खाणं जास्त. हे कायमचं नुकसानही नव्हे. अमेरिकेतल्या एका तीस वर्षांच्या पाहणीत, सगळ्या बाळंतपणांत मिळून वर्षभर किंवा जास्त पाजलेल्या बायकांना मधुमेह होण्याचं प्रमाण मुळीच न पाजलेल्यांच्या जवळपास निम्मं निघालं. पाहणी आहे, प्रयोग नाही, तेव्हा कारणाबद्दल जपून बोलावं. तरी 'पाजून बाई संपते' या सूत्राशी ते जुळत नाही एवढं नक्की.

इथवर वाचून कुणी खूश झाला असेल की बाळच राजा, तर त्यालाही थांबवायला हवं. हल्ली एक नवी भक्ती फिरते: बाळाची लाळ स्तनाग्रातून आत जाते, आईचं शरीर ती 'वाचतं' आणि बाळाला हव्या त्या रोगाची प्रतिपिंडं बनवून पाठवतं. व्हॉट्सॲपवर हे रोज येतं. यातला खरा भाग एवढाच: पाजताना दूध नलिकांतून मागे वाहतं, हे पर्थमध्ये अल्ट्रासाउंडवर दिसलं आहे, आणि बाळ आजारी असताना दुधातल्या पांढऱ्या पेशी वाढतात, हेही तिथेच आढळलं. पण एका खोलीत, एका अंथरुणात राहणाऱ्या, दिवसभर पापे घेणाऱ्या आईला तो जंतू श्वासातून आणि तोंडातून आधीच भेटलेला असतो. तिच्या आतड्यांत आणि श्वसनमार्गात तयार झालेल्या पेशी स्तनात येऊन बसतात, हा मार्ग चांगला माहीत आहे. लाळेतून निरोप जातो हे सिद्ध झालेलं नाही. लाळेची खरी करामत वेगळीच आहे: तिच्यातली द्रव्यं आणि दुधातलं एक विकर यांच्या भेटीतून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि काही जंतूंना आवरतं. क्वीन्सलंडच्या संशोधकांनी ते २०१५ मध्ये दाखवलं. ते आईच्या अंगात नाही, बाळाच्या तोंडात घडतं, म्हणून बहुधा भक्तांना फारसं भावलं नाही.

आणि आईच्या शरीराचीही स्वतःची सत्ता असते. उंदरिणीपुढे पिल्लं मोठी होताच काढून पुन्हा लहान पिल्लं ठेवली, तर ती कितीतरी जास्त काळ पाजत राहते. तिथे वेळापत्रक पिल्लाचं. ऑस्ट्रेलियातल्या टॅमर वॉलबीचं उलट. तिच्या पिशवीत लहान वयाचं पिल्लू बदलून ठेवलं तरी दुधाची घडण तिच्याच घड्याळाने पुढे सरकते, आणि त्या पुढच्या टप्प्याच्या दुधावर ते लहान पिल्लू वेगाने वाढतं. लाल कांगारूची मादी तर एका सडातून नवजाताला आणि दुसऱ्यातून थोरल्याला अगदी वेगळं दूध एकाच वेळी पाजते. ॲबर्डीनमध्ये जॉन स्पीकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाजणाऱ्या उंदरिणींची लव कातरली, तर त्यांनी जास्त दूध केलं. अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नव्हती म्हणून त्या आधी अडलेल्या होत्या. पिल्लांनी कितीही मागितलं तरी आईच्या अंगाची एक मर्यादा असते. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७४ साली जे लिहिलं त्याचं सार हेच, की आई आणि पिल्लू यांचं हित बरंचसं एक असतं, सगळं नसतं.

हे भांडण सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते पाळीत. वारंवार चोखण्याने बीज सुटणं लांबतं. कलहारीतल्या कुंग लोकांत आया तासात अनेकदा, थोडं थोडं पाजत. दोन मुलांत जवळपास चार वर्षांचं अंतर पडे. १९८८ मध्ये इटलीत बेलाजिओला जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवलं, की बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पूर्णपणे अंगावर पिणारं आणि आईला पाळी न आलेली असेल, तर गर्भधारणेपासून ९८ टक्क्यांच्या वर संरक्षण मिळतं. पण अर्जेंटिनातल्या तोबा बायका भरपूर पाजूनही तुलनेने लवकर पाळीत येतात, कारण त्या चांगल्या खातात. शरीर चोखण्याबरोबर आपली शिल्लकही मोजतं. बाळ आपल्या पाठचं भावंड लांबवू पाहतं आणि आईचं शरीर पुढच्याची तयारी मोजतं.

आपल्याकडे या वाटाघाटीत तिसरा माणूस घुसतो. सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को यांनी २०११ मध्ये भारताच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची आकडेवारी तपासून दाखवलं, की मुलींना मुलांपेक्षा कमी काळ अंगावर पाजलं जातं, आणि मोठं कारण म्हणजे मुलग्यासाठी पुन्हा लवकर दिवस जावेत अशी घाई. मुलीचं तोंड आईचं शरीर थांबवू पाहत होतं. घराने ते तोंडच काढून घेतलं. 'अंगावर दूध नाही' या निकालामागे कधी कधी हीही मसलत असते, हे बोलायला हवं.

तर मग आईला काय द्यावं? वर जे काही मांडलं त्यातून एकच मागणी निघते: बाळाला आईजवळ वेळ मिळू द्या. लाडू आणि गोळ्या देणं त्यामानाने स्वस्त. २०१७ पासून प्रसूती रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली, पन्नास किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं, ते संघटित क्षेत्रापुरतं. या देशातल्या बहुसंख्य कामकरी बायका त्याच्या बाहेर आहेत. बीडहून दिवाळीनंतर उसाच्या फडावर निघालेल्या बाईचा विचार करा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', उचल घेतलेली, एक दिवस खाडा पडला तर पैसे कापले जाणार. ती पहाटे फडात उतरते, बाळ कोपीवर सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात. तिचं दूध कमी झालं तर त्यात तिच्या अंगाचा दोष किती आणि मुकादमाच्या खाड्याचा किती? मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये तिला मिळालेच तर ते घ्यावेतच. पण दिवसातून आठ-दहा वेळा बाळ तिच्या अंगाला लागण्याची सोय त्या पैशांत होत नाही. फडाजवळ सावलीचं पाळणाघर आणि पाजायला जाण्याचा वेळ खाड्यात न धरणं, या दोन गोष्टी कारखान्याला परवडतात. त्या मागितल्या जात नाहीत, कारण दूध हा बाईचा खासगी मामला समजला जातो.

शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तो खरा आहे. काही बायकांना खरोखर पुरेसं दूध येत नाही. बाळंतपणात फार रक्त गेल्याने पीयूषिका ग्रंथी दुखावलेली असते, वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, थायरॉइडचा त्रास असतो, स्तनातल्या ग्रंथी मुळातच कमी वाढलेल्या असतात, शस्त्रक्रिया झालेली असते. कधी बाळाचीच जीभ बांधलेली असते किंवा ते अपुऱ्या दिवसांचं, दमणारं असतं. अशा आईला 'अजून पाज, येईल' म्हणत राहणं हासुद्धा एक छळच. फरक ओळखायचा तो रडण्यावरून नाही. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का, आणि जन्मानंतर उतरलेलं वजन दोन आठवड्यांत भरून येतं का, हे पाहायचं. भरत नसेल तर डॉक्टरांनी आधी बाळ अंगाला कसं लागतंय ते बसून पाहावं, मग आईची तपासणी करावी. आणि बाळाला दूध लागणारच असेल तर पहिली पसंती दुसऱ्या आईच्या दुधाला. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली देशातली पहिली दुग्धपेढी सुरू केली. ते दूध वाटी-चमच्याने पाजता येतं, आणि बाळाला मधूनमधून अंगावर घेणं चालूच ठेवता येतं.